मुका स्वर

ताईची गिटार कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, काळ्या पेटीत, जुन्या रजयांच्या खाली होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या फळीकडे मान वर करून कुणी बघत नसे. थंडीत रजई काढायची झाली, तर धाकट्याची बायको स्टुलावर चढून चाचपडत वरचीच तेवढी ओढायची आणि खालची तशीच ठेवायची. तिथे कुणीतरी झोपलंय आणि त्याची झोपमोड होईल, अशा बेताने.

घरात वाजवणारा आता एकच उरला होता, तो ताईचा धाकटा भाऊ. म्हणायला धाकटा, पोट सुटलं होतं, केस कानांच्या आसपासच काय ते शिल्लक होते आणि जिना चढताना गुडघे त्याच्या आधी बोलायचे. ताईच्या लेखी मात्र तो अजून ‘बारक्या’च होता. समारंभांत आणि हॉटेलांत वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदात तो मागच्या रांगेत बसून गिटारची साथ करायचा. तिथे त्याचं स्थान मिठासारखं होतं. असला तर कुणाच्या लक्षात येत नसे, आणि नसला तर काहीतरी बिघडलंय एवढंच कळे. काय, ते नेमकं सांगता येत नसे. त्याची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

ताईची गोष्ट निराळी. ताई एकटी वाजवायची. मंचावर एक खुर्ची, डाव्या पायाखाली लहानसा पाट, मांडीवर ती गिटार. बाकी काही नाही. लोक तिला ऐकायला परगावाहून यायचे आणि कार्यक्रम संपल्यावरही खुर्च्यांवरून लवकर उठायचे नाहीत. ताईला मात्र त्या कौतुकाचं कधी काही वाटलं नाही. “लोक तोंडदेखलं बोलतात रे,” ती म्हणायची. “समोर बसलेल्या बाईला कोण सांगणार, बाई तुमचं वाजवणं ठीकठाकच झालं म्हणून?”

मग ताईची बोटं रुसली. दुसरा शब्द घरात कुणाला सुचला नाही. उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन्ही तारांवर ठेवली की लाजाळूच्या पानांसारखी आत मिटायची. गिटार बाजूला ठेवली की पुन्हा सरळ. सुईत दोरा ओवता यायचा, बाटलीचं घट्ट झाकण उघडता यायचं, तीच दोन बोटं नाचवून शेजारच्या बाळाला हसवता यायचं. एक डॉक्टर म्हणाले, “बाई, तुमचा हात माझ्या हातापेक्षा चांगला आहे.” शेवटी एका जाणकाराने सांगितलं की हे वाजवणाऱ्यांनाच होतं, त्यातही जीव तोडून वाजवणाऱ्यांना. बोटांना त्याच वाटेने इतक्यांदा चालवलं की मेंदूतल्या पायवाटा एकमेकींत मिसळून जातात, आणि मग कुठली कुणाची हे त्यांनाच कळेनासं होतं. औषध नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं. घरी आली, तारा सैल केल्या, गिटार पेटीत घातली आणि पेटी फळीवर चढवली. पुढच्या आठवड्यात तिने शर्टांच्या दुकानातून काजांचं काम आणायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी बसून ती काज करी. इतके सुबक, की दुकानदार शर्ट आतून उलटा करून गिऱ्हाइकांना दाखवायचा. अशी बरीच वर्षं गेली. गिटारचं नाव त्या घरात निघेनासं झालं. धाकटासुद्धा रियाझाला खाली मागच्या खोलीत जाऊन बसू लागला, म्हणजे ताईच्या कानावर कमी पडेल.

आणि अशात धाकट्याला एकट्याने वाजवायचं आमंत्रण आलं.

वाचनालयाच्या सभागृहात दर वर्षी एका संध्याकाळी गिटारवादन होई. ठरलेला वादक आजारी पडला, दुसरा मिळेना, तेव्हा चिटणिसांना धाकट्याची आठवण झाली. “दगडापेक्षा वीट मऊ म्हणून बोलावलंय मला,” असं तो चारचौघांत म्हणत होता, पण दाढी करताना आरशात एकटाच हसत होता. आणि त्या आनंदाच्या भरातच त्याने ती चूक केली, जी कुठलाही गिटारवाला दुसऱ्याला आयुष्यभर ‘करू नकोस’ म्हणून सांगतो आणि एकदा तरी स्वतः करतोच. भर दुपारी गिटार बंद गाडीत ठेवून तो झाडाखाली गप्पा मारत उभा राहिला. परत येऊन पेटी उघडतो तर डिंक वितळलेला, आणि तारा जिला बांधतात ती घोडी खालच्या लाकडाचा ढलपा घेऊन उखडून आलेली.

“स्वतः सावलीत उभं राहायचं आणि तिला उन्हात ठेवायचं,” बायको म्हणाली. “मला वाटायचं, हे तुम्ही माझ्याच बाबतीत करता.”

“अगं, कार्यक्रमाला महिनाच उरलाय आणि तुला विनोद सुचतायत?”

“विनोद कुठला, अनुभव सांगतेय.” मग तिने आवाज खाली आणला. “वन्संना विचारून बघा की.”

धाकट्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्याला विहिरीत उडी टाकायला सांगितलं होतं. पण दुसरी चांगली गिटार कुणी देणार नव्हतं. गिटारवाला एक वेळ घराची किल्ली देईल, गिटार देणार नाही. धाकट्याने स्वतः तरी कुणाला कधी दिली होती? दोन दिवस तो जिन्याच्या पायथ्याशी घुटमळला आणि तिसऱ्या दिवशी वर गेला.

“बोल,” ताई काजावरून नजर न काढता म्हणाली. “जिना चढून आलास म्हणजे काम मोठंच असणार.”

“माझी गिटार…”

“कळलं मला. घोडी उखडली. तुझी बायको हळू बोलते असं तिला वाटतं.”

ताईने दोरा दातांनी तोडला.

“घे,” ती म्हणाली.

“ताई, खरंच?”

“घे म्हटलं ना. फक्त एक कर. तिचा आवाज गेलेला असेल, तर मला सांगायचं नाही.” तिने हातातला शर्ट उलटा केला. “आणि नसला गेला, तरी सांगायचं नाही. दार लावून वाजव. तुझं काम झालं की होती तिथे ठेव.”

खाली येताना धाकट्याला आमंत्रणाचा आनंद आठवेना. बंद राहिलेली गिटार मुकी होते, असं सगळे वाजवणारे मानतात. लाकडाला थरथरायची सवय लागते आणि ती मोडली की लाकूड पुन्हा नुसतं लाकूड होतं, असं म्हणतात. पेटी बंद होती तोवर ताईची गिटार ना जिवंत होती ना मेलेली, आणि ताई त्याच आधारावर इतकी वर्षं काज करत बसली होती. आता पेटी तो उघडणार होता. आवाज गेलेला निघाला, तर ताईने सांगू नको म्हटलं म्हणून तिला कळायचं थोडंच राहणार होतं? तिचे कान तर कुणी काढून घेतले नव्हते.

नव्या तारा चढवून त्याने पहिला हात फिरवला. आवाज आला तो खोक्यावर थाप मारल्यासारखा. बायको दारात उभी होती.

“काय हो?”

“थंड पडलीय.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. दार लाव.”

तेव्हापासून तो पहाटे उठू लागला. कामाला जायच्या आधी आणि आल्यावर, तो त्या गिटारीला घेऊन बसायचा. सुरुवातीला काही वाजवायचाच नाही. एकेक तार सावकाश छेडून ती विरेपर्यंत थांबायचा, मग पुढची. आजारातून उठलेल्या माणसाला अंगणातल्या अंगणात फिरवावं, तसं. काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी सर्वांत जाड तार छेडली तेव्हा त्याच्या बरगड्यांना ती जाणवली. कानाला नंतर, आधी बरगड्यांना. त्याने दचकून हात काढला. पुन्हा छेडली. पुन्हा तेच. गिटारीच्या पाठीतून एक गुरगुर निघून त्याच्या छातीत उतरत होती.

त्यानंतर ती रोज थोडी थोडी जागी होत गेली. जाड तारा आधी, मग मधल्या. बारीक तारांचा चिरका, पत्र्यासारखा आवाज हळूहळू भरत गेला. धाकट्याने उभ्या जन्मात कितीतरी गिटारी हाताळल्या होत्या, पण अशी हाताखाली जागी होणारी त्याने पाहिली नव्हती. आणि आणखी एक गोष्ट त्याला आता दिसली. गिटारीच्या मानेची मागची बाजू, जिथे अंगठा टेकतो, तिथलं रोगण ठिकठिकाणी झिजून लाकूड उघडं पडलं होतं. पुढच्या बाजूला, तारांखाली, काही ठिकाणी लाकडालाच बोटांच्या पेरांएवढे खळगे पडले होते. देवळाच्या पायरीला पावलांनी पडावेत, तसे. तो ताईचा हात होता. ताईचा हात त्या लाकडात उमटून राहिला होता.

त्याने आपली बोटं त्या खळग्यांत ठेवून पाहिली. एरवी त्याला हाताची ती ठेवण सुचलीच नसती. ती कुठल्याही गिटारवाल्याला उलटी वाटली असती. पण बोटं तिथे बसली आणि त्याच्या आयुष्यात कधी न जमलेली एक वळणदार जागा, जी ताई चहा पिता पिता वाजवायची, ती आपोआप निघाली. कुणीतरी मागून येऊन आपल्या हातावर हात ठेवलाय, असं त्याला वाटत होतं, आणि मागे वळून बघायचा धीर होत नव्हता.

पण एक स्वर काही केल्या जागा होईना.

तिसऱ्या तारेवर, मानेच्या वरच्या टोकाशी, धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी पहिल्याच पट्टीत तो होता. बाकी सगळे स्वर मोकळे होत चालले, तसा हा जास्तच बसत चालला. छेडला की एक ठोका, आणि संपला. बादलीत दगड पडावा तसा. शेजारचे दोन्ही स्वर घंटेसारखे, आणि मध्ये हा मुका. धाकट्याने तार बदलली, नखाने छेडलं, बोटाच्या मांसाने छेडलं, जोर लावला, गोंजारलं. जितका जोर लावावा, तितका तो लवकर मरायचा.

“तो एकच सूर काय बडवताय हो तासभर?” बायको म्हणाली. “दाढ दुखतेय का तिची?”

“आत काहीतरी तडकलंय,” धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “बंद राहून आतलं एखादं लाकूड सुटलं असणार. माझ्या वाजवण्याने ते आणखी सुटत चाललंय.”

“मग वन्संना विचारा ना.”

“काय विचारू? सांगायचं नाही असं ठरलंय. आणि विचारणं म्हणजे सांगणंच झालं की.”

म्हणून एका सकाळी त्याने गिटार पेटीत घातली आणि सरसकाकांकडे नेली.

सरसकाका म्हणजे वाद्यं दुरुस्त करणारे. लाकूड चिकटवायचा सरस त्यांच्या हातांना आणि सदऱ्याला कायम लागलेला असायचा, म्हणून हे नाव. त्यांचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची लांबट खोली. भिंतीवर माना नसलेल्या गिटारी आणि गिटारी नसलेल्या माना टांगलेल्या, कोपऱ्यात शेगडीवर सरसाचं भांडं. काकांनी ताईची गिटार ओळखली. त्यांनी आधी हात पुसले, मगच तिला हात लावला.

त्यांनी तो स्वर छेडून ऐकला. बोटांच्या सांध्यांनी पाठीवर ठिकठिकाणी ठोकून कान लावला. लहानसा आरसा आणि दिवा गोल भोकातून आत घालून बघितलं.

“दिसत तर काही नाही,” ते म्हणाले. “पण कोपऱ्यातलं आरशात येत नाही. पाठ उघडावी लागेल.”

“उघडली की आवाज बदलतो, काका.”

“बदलतो. खोटं कशाला बोलू? उघडलेली गिटार परत बंद करता येते, पण ती तीच असेल असं मी लिहून देत नाही. दुसरा उपाय तू सांग.”

आत तडा असेल आणि तसंच वाजवत राहिलं तर ती मोडणार. उघडली तर ताईची राहणार नाही. धाकटा स्टुलावर टेकला. सरसकाकांनी पातळ सुरी शेगडीवर गरम करायला ठेवली, पाठ जिथे चिकटवलेली असते त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि जागा नक्की केली.

“काका, जरा थांबा,” धाकटा म्हणाला.

“थांबतो. सुरी तापायला वेळ लागतोच.”

सुरी तापली. काकांनी तिचं टोक पाण्यात बुडवून चुर्र केलं, गिटार उलटी करून मऊ कापडावर ठेवली आणि धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

“सुरी खाली ठेवा,” दारातून कुणीतरी म्हणालं.

ताई होती. पायांत घरातल्या सपाता, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच राहिलेलं, आणि दम लागलेला.

“बसा, बसा,” सरसकाका गडबडून उठले. “किती वर्षांनी!”

“बसायला आले नाही. आधी ती सुरी खाली.” सुरी खाली गेली तशी ती धाकट्याकडे वळली. “सकाळपासून खाली सामसूम, म्हणून तुझ्या बायकोला विचारलं. ती म्हणते, उघडायला नेलीय. काय उघडायला नेलीय? नारळ आहे का तो?”

“ताई, आत तडा गेलाय. एक स्वर मरतोय.”

“तिसऱ्या तारेवरचा. पहिली पट्टी.”

धाकटा स्टुलावरून उठला.

“इतके दिवस खालून माझ्या डोक्यात तो बडवतोयस. मी वर ओठ चावून बसले होते. स्वतःच अट घातली होती ना, बोलायचं नाही म्हणून.” ती आता खरोखरच स्टुलावर टेकली आणि हसायला लागली. धाकट्याने तिला असं हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. “अरे बावळटा, तो कधी वाजलाच नाही. मी आणली त्या दिवसापासून तो असाच आहे.”

“म्हणजे?”

“प्रत्येक गिटारीत असा एखादा स्वर असतो,” सरसकाका हळूच म्हणाले. “कुणात थोडा, कुणात फार. मला वाटलं होतं तसं, पण इतका मुका मी ऐकला नव्हता. आणि तू तडा तडा म्हणत आलास, मलाही तडाच दिसायला लागला.”

“मग तू काय करायचीस?” धाकट्याने ताईला विचारलं. “तो स्वर तर तुझ्या प्रत्येक वाजवण्यात आहे. मी ऐकलाय.”

“दे इकडे.”

तिने गिटार मांडीवर घेतली. उजवा हात तिने गिटारीला लावलाच नाही. तो मांडीखाली दाबून धरला. डावा हात मानेवरून खाली नेला, सहाव्या पट्टीपर्यंत, आणि करंगळी चौथ्या, जाड तारेवर टेकवली. धाकट्याने पाहिलं, ती नेमकी एका खळग्यात बसली.

“मी दाबते, तू छेड,” ती म्हणाली. “नखाने नको. अंगठ्याच्या मांसाने. जोर लावू नकोस, नुसता हात सोड.”

धाकटा तिच्या समोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने अंगठा सोडला.

स्वर तोच होता, पण जाड तारेतून, खालून, काळोख्या खोलीत कुणीतरी दिवा घेऊन यावं तसा आला. आला आणि जाईना. करंगळी किंचित हलत होती आणि तो तिच्याबरोबर हेलकावत होता. भिंतीवर टांगलेल्या माना नसलेल्या गिटारींपैकी एकीच्या आत काहीतरी बारीक गुणगुणलं. सरसकाकांनी शेगडी बंद केली. तिचा आवाजही त्यांना नको झाला असावा.

“लोक याला ताईंची खास शैली म्हणायचे,” स्वर विरल्यावर ताई म्हणाली. “त्यावर लिहायचेसुद्धा. म्हणे हा स्वर त्या जाड तारेवर, इतक्या दूर जाऊन घेतात, काय विचार असेल! विचार कसला, डोंबल. हिने तिथे दार बंद करून ठेवलं होतं, म्हणून मी मागच्या दाराने जायला शिकले. तिकडे हात न्यायचा तर आधीचा स्वरही वेगळ्या जागी घ्यावा लागे, आणि त्याच्या आधीचाही. असं करत करत सगळं वाजवणंच बदललं. मी हिला शिकवलं असं सगळ्यांना वाटायचं.” तिने गिटारीच्या कडेवर गाल टेकवला. “आवाज आहे रे हिचा. तसाच आहे.”

“मी सांगणार नव्हतो,” धाकटा म्हणाला.

“नको सांगूस. मी ऐकते आहे.”

त्या दिवसापासून ताई रोज खाली येऊ लागली. कामाची पिशवी घेऊन ती धाकट्याच्या मागे, त्याच्या उजव्या खांद्याशी बसायची. तिथून त्याचे दोन्ही हात तिला दिसायचे. काज करता करता ती बोलायची. “बारीक तार थोडी उतरवून लाव, ती वाजवता वाजवता चढते, उतावळी आहे.” “दमट हवेत ही जाड बोलते, तेव्हा कमी वाजव.” “आता तिला श्वास घेऊ दे.” धाकट्याची बायको म्हणायची, “इतकं तर माझ्या सासूबाईंनी मला संसाराचं शिकवलं नव्हतं.” धाकटा चुकायचा, शिव्या खायचा, पुन्हा वाजवायचा. आपण बरे वाजवतोय की वाईट, हे त्याला कळेनासं झालं होतं. गिटार मात्र रोज कालच्यापेक्षा मोठी वाटे आणि तो स्वतः लहान.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच ते सभागृहात गेले. उंच छताची, लाकडी तक्तपोशीची जुनी जागा. ध्वनिवर्धक नव्हता आणि लागतही नसे. शिपाई खुर्च्या मांडत होता. धाकटा मंचावर बसला, ताईने आपली खुर्ची सवयीने त्याच्या खांद्यामागे ओढली.

“शेवटपर्यंत पोचतंय का, बघावं लागेल,” धाकटा म्हणाला. “शिपाईबुवा, जरा मागे उभं राहून सांगता का?”

“मला काय कळतंय त्यातलं?” शिपाई म्हणाला. “मला माझी बायको हाक मारते तीसुद्धा ऐकू येत नाही, असं ती म्हणते.”

“ताई, मग तूच जा ना.”

ताई कुरकुरत पायऱ्या उतरली. पहिल्या रांगेत एका कडेला बसली, पिशवी मांडीवर ठेवली. “हं, वाजव.”

धाकट्याने सुरुवात केली. संथ, जाड तारांवर फिरणारं काहीतरी, ताईच्याच जुन्या वाजवण्यातलं. दोनचार ओळी झाल्यावर त्याने ताईकडे बघितलं. पिशवी खाली पडली होती आणि ताईने ती उचलली नव्हती. तिचं तोंड किंचित उघडं होतं. मग ती उठली आणि पाठ फिरवून मागे चालू लागली. आवडलं नाही, असं त्याला वाटलं, निघाली. पण ती निघाली नव्हती. ती मधल्या रांगेत थांबली, एका खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली. ओहोळ कुठवर जातो ते बघत त्याच्या काठाने चालावं तशी ती चालत होती. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकली, तेव्हा धाकट्याने हात थांबवला.

“थांबलास का?” ती जवळजवळ ओरडलीच.

“पोचतंय का?”

मग ती म्हणाली, “बारक्या, ही अशी ऐकू येते?”

तेव्हा कुठे धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गिटारीचं तोंड पुढे असतं. जो मांडीवर घेतो, त्याला तिची पाठ ऐकू येते, तिचा धक्का छातीला कळतो. पण जे ती बोलते ते समोरच्याला. कडेवर पुढे तोंड करून घेतलेल्या लेकराचा चेहरा रस्त्यावरच्या लोकांना दिसतो, घेणाऱ्याला फक्त टाळू. ताई जन्मभर हिच्या मागे बसली होती. परगावच्या लोकांनी हिला ऐकलं होतं, चिटणिसांनी ऐकलं होतं, दारावरच्या शिपायांनी ऐकलं होतं. ताईने आज पहिल्यांदा ऐकलं.

“अशीच ऐकू यायची, ताई,” तो म्हणाला. “तू वाजवायचीस तेव्हा याहून कितीतरी.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“सगळे सांगत होते. तू म्हणायचीस, तोंडदेखलं बोलतात.”

ताई शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसली. शिपायाने खुर्च्या सरकवायच्या थांबवल्या.

“लोक उठायचे नाहीत रे,” ती अखेर म्हणाली, धाकट्याशी की स्वतःशी, ते कळेना. “दिवे लावले तरी उठायचे नाहीत. मला वाटायचं, बाहेर पाऊस असेल.” मग एकदम, “वाजव. मी इथेच बसते.”

“ताई, तू माझ्या मागे बसणार होतीस. मी अडखळलो तर?”

“अडखळ. ती सांभाळून घेईल. मला आता मागे बसवायचं नाव काढू नकोस.”

धाकट्याने वाजवायला घेतलं. मागची खुर्ची रिकामी होती, पण बोटं खळग्यांत पडत गेली आणि गिटारीने त्याला पुढे नेलं. तास सरकला. शिपायाने दारं उघडली तरी ताईने “थांब” म्हटलं नाही, म्हणून तो थांबला नाही. लोक यायला लागले, वाजवणं चालू आहे असं पाहून चपला हातात घेऊन, वाकून, दबकत बसत गेले. एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून जागा शोधत शेवटच्या रांगेशी आली.

“इथे कुणी आहे का हो?” सुनेने हळूच विचारलं.

ताई एक खुर्ची आत सरकली. डोळे मंचावरून न काढता तिने शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला.

“बसा,” ती म्हणाली. “इथून फार सुंदर ऐकू येते ती.”